जॉर्ज एव्हरेस्ट : तोफखान्यातील अधिकारी आणि वर्गातील नकाशा

भूगोलाच्या तासाला जगातील सर्वांत उंच शिखर कोणते असे विचारले की वर्ग एका सुरात उत्तर देतो. ‘एव्हरेस्ट’ हे एका मनुष्याचे आडनाव आहे, ही गोष्ट त्या सुरात सामील झालेल्या बहुतेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांच्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, या गृहस्थाने ते शिखर शोधून काढले किंवा निदान मोजले. ही समजूत खरी नाही. त्या शिखराची उंची निश्चित होण्यापूर्वीच तो हिंदुस्थान सोडून स्वदेशी परतला होता. भिंतीवरच्या नकाशाशी मात्र त्याचा संबंध शिखराहून कितीतरी निकटचा आहे, आणि तो संबंध ध्यानात आला तर नकाशाचा पाठ अधिक चांगला घेता येतो. म्हणून त्या नकाशाच्या अंगाने या अधिकाऱ्याची हकिकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

जॉर्ज एव्हरेस्टचा जन्म १७९० च्या जुलै महिन्यात झाला. वुलिच येथील लष्करी विद्यालयात त्याचे शिक्षण झाले व १८०६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाला. त्या काळच्या सैन्यात घोडदळाच्या किंवा पायदळाच्या अधिकाऱ्यास गणित आले नाही तरी चालत असे; तोफखान्याच्या अधिकाऱ्याचे त्यावाचून चालत नसे. गोळा जिथे टाकावयाचा ती जागा दूर असते. तिचे अंतर पावलांनी मोजता येत नाही. ते कोन घेऊन काढावे लागते, आणि तोफेचे तोंड किती उचलावयाचे हेही कोनातच ठरवावे लागते. विद्यार्थ्यांना ‘भूमिती कशाला शिकायची’ असा प्रश्न पडतो, तेव्हा हे उदाहरण उपयोगी पडण्यासारखे आहे. आपल्या नाशिकजवळ देवळाली येथे भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय आहे. तेथेही स्थाननिश्चिती हा शिक्षणाचा एक भाग असतोच.

एव्हरेस्टची बुद्धी या अंगाने तीक्ष्ण आहे हे वरिष्ठांच्या लवकरच ध्यानात आले. १८१४ ते १८१६ या काळात त्याने जावा बेटाची मोजणी केली. परत आल्यावर बंगालमध्ये नद्यांच्या मार्गाचे आणि कलकत्त्याहून काशीपर्यंत निशाणांनी संदेश पाठविण्याच्या ठाण्यांचे काम त्याच्याकडे आले. तोफेचा आणि त्याचा संबंध येथून सुटला तो कायमचाच. १८१८ साली त्याची नेमणूक विल्यम लॅम्टनचा मुख्य साहाय्यक म्हणून झाली.

लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ एक अचाट काम आरंभिले होते. दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे, एका रेखावृत्ताच्या अनुरोधाने, त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत भूमीचे अचूक मापन करावयाचे, असे ते काम. त्याचे हेतू दोन होते. कंपनीला सैन्य हलविण्यास आणि सारावसुलीस भरवशाचे नकाशे पाहिजे होते, हा पहिला. राज्यकर्त्याच्या सोयीसाठी ही मोजणी झाली, हे मुलांना स्पष्ट सांगावे. लपविण्याचे कारण नाही. दुसरा हेतू शास्त्रीय होता. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, ती नेमकी किती, हे एका लांबच लांब कंसाच्या मोजमापावरून काढावयाचे होते. विषुववृत्ताजवळ अक्षांशाच्या एका अंशाची लांबी सुमारे ११०.६ किलोमीटर भरते, तर ध्रुवाजवळ सुमारे १११.७. एवढा लहान फरक पकडावयाचा तर मोजणारा हात केवढा स्थिर हवा याची कल्पना करावी.

आता ही त्रिकोणांची युक्ती. पाठाचा गाभा हाच असल्याने येथे घाई करू नये. चौथी-पाचवीच्या मुलांनाही ती मैदानावर करून दाखविता येते.

शाळेच्या पटांगणावर दोन खुंट्या ठोकून त्यांमध्ये बरोबर ४० मीटरांची सरळ रेषा दोरीने आखावी. ही आपली पायारेषा. समोर, रस्त्यापलीकडे, वडाचे झाड किंवा देवळाचा कळस असेल तो आपला तिसरा बिंदू. पहिल्या खुंटीशी पाट ठेवून, त्यावर मोठा कोनमापक बसवून, पायारेषा व झाड यांमधील कोन एका मुलाने वाचावा. दुसऱ्या खुंटीशी दुसऱ्याने. पहिला कोन ६० अंश व दुसरा ७० अंश आला असे समजू. मग झाडाजवळचा कोन तिथे न जाताच कळतो : १८० मधून १३० वजा जाता ५० अंश. आता कागदावर १ सेंटिमीटरला ४ मीटर हे प्रमाण धरून १० सेंटिमीटरांची रेषा काढावी, दोन्ही टोकांशी ते कोन काढावेत आणि रेषा जिथे मिळतील तिथपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. पहिल्या खुंटीपासून झाड सुमारे ४९ मीटर व दुसरीपासून सुमारे ४५ मीटर येईल. मोजपट्टी रस्त्यापलीकडे गेलीच नाही, तरी अंतर हाती आले. मुलांच्या चेहऱ्यावर जो विस्मय दिसतो तो पाहण्याजोगा असतो.

पुढची पायरी अशी. झाडापर्यंतच्या ज्या दोन बाजू काढल्या, त्यांपैकी कोणतीही एक आता नव्या त्रिकोणाची पायारेषा होऊ शकते. तिच्यावरून दुसरा त्रिकोण, त्यावरून तिसरा. जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते ती पहिलीच रेषा. पुढे केवळ कोन घेत डोंगरावरून डोंगरावर जात राहावयाचे. लॅम्टनने आणि नंतर एव्हरेस्टने हेच केले.

मग यात अवघड काय? हे समजावे म्हणून त्याच उदाहरणात पहिला कोन ६० ऐवजी चुकून ६१ वाचला गेला असे धरून पुन्हा आकृती काढावयास सांगावी. झाडाचे अंतर दुसऱ्या खुंटीपासून मीटरभराहून अधिक बदलते. पहिल्याच त्रिकोणात मीटरभराची चूक. तिच्यावर दुसरा त्रिकोण उभारला की ती चूकही त्याबरोबर पुढे चालते. शंभर त्रिकोणांनंतर काय उरेल? एव्हरेस्टचे पुढील सारे आयुष्य या एका प्रश्नाशी झुंजण्यात गेले असे म्हटले तरी चालेल. त्याची यंत्रे अंश आणि कला सोडून विकलांची भाषा बोलत. आणि एका अंशाच्या ३,६०० विकला होतात. मोठ्या त्रिकोणांत तर आणखी एक नवल असे. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्यामुळे तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या त्रिकोणात हा अधिकपणा अवघा एक विकला असतो. परंतु तोही हिशेबात धरावा लागे. हे वर्गात सांगावयाचे नाही, शिक्षकाने स्वतःपुरते जाणून असावे.

एव्हरेस्टचा पहिला हंगामच त्याच्या जिवावर बेतला. १८१९ साली कृष्णा व गोदावरी यांच्या मधल्या अरण्यात त्याची तुकडी काम करीत असता हिवतापाची साथ उसळली. जवळजवळ सारा तांडा अंथरुणास खिळला, अनेक माणसे दगावली, आणि जे उरले त्यांना हैद्राबादेहून वाहने पाठवून आणावे लागले. दगावलेल्यांत बहुतेक आपल्याच देशातील खलाशी, भोई व हरकामे होते. त्यांची नावे नकाशावर नाहीत. एव्हरेस्ट वाचला, पण ताप त्याच्या हाडांत मुरला तो आयुष्यभर गेला नाही.

प्रकृतीस उतार पडावा म्हणून त्याला आफ्रिकेच्या दक्षिण टोकास, केप येथे, पाठविण्यात आले. विश्रांतीसाठी गेलेला हा मनुष्य तेथे एक कोडे उकलण्यास बसला. १७५२ साली लाकाय नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने तेथे कंस मोजला होता, आणि त्याच्या उत्तरावरून दक्षिण गोलार्ध उत्तरेहून निराळ्या आकाराचा आहे असे निघत होते. एव्हरेस्टने त्याची ठाणी पाहिली आणि ध्यानात घेतले की, त्यांच्याजवळ डोंगर आहेत. डोंगर आपल्या वस्तुमानाने ओळंबा स्वतःकडे ओढतो. ओळंबा तिरपा झाला की डोक्यावरचा बिंदू चुकतो, आणि ताऱ्यांवरून काढलेला अक्षांशही चुकतो. गवंड्याचा ओळंबा ही सर्वांत प्रामाणिक वस्तू असे आपण मानतो. तीही पूर्ण सरळ नसते हे त्याने तेथे शिकून घेतले. पुढे हे ज्ञान त्याला हिंदुस्थानात पदोपदी उपयोगी पडले.

२० जानेवारी १८२३ रोजी वृद्ध लॅम्टन हैद्राबादेहून नागपूरकडे जात असता हिंगणघाट येथे मरण पावला. वर्धा जिल्ह्यातील शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. त्याची कबर तेथेच आहे. जगातील एक मोठे मापनकार्य आपल्या गावाशी येऊन काही काळ थबकले होते, ही जाणीव भूगोलाच्या पाठास निराळेच वजन देते. कामाची सर्व जबाबदारी एव्हरेस्टवर आली व त्याने वऱ्हाडातून कंस उत्तरेकडे नेण्यास आरंभ केला. या सुमारास त्याचे हातपाय इतके लुळे पडले होते की, वेधयंत्राच्या आसनावर बसविण्यास व उतरविण्यास दोन माणसे लागत. तशाही स्थितीत त्याने माळव्यातील सिरोंजपर्यंत मजल मारली व १८२४-२५ मध्ये तेथे नवी पायारेषा साखळीने मोजून मगच तो इंग्लंडला गेला. हे धैर्य म्हणावे की हट्ट, याचा निर्णय करणे कठीण आहे. सोबतच्या माणसांशी तो कठोरपणे वागे, त्याची जीभ तिखट होती. हेही त्याच्या चरित्राचा भागच आहे.

इंग्लंडमधील पाच वर्षे त्याने विश्रांतीत घालविली नाहीत. साखळी उन्हाने लांबते व थंडीने आखडते, ही जुनी अडचण होती. आयर्लंडच्या मोजणीसाठी कोल्बीने त्यावर एक तोड काढली होती. लोखंडाची व पितळेची अशा दोन पट्ट्या जोडीने ठेवावयाच्या. उष्णतेने दोन्ही कमीअधिक प्रमाणात वाढतात. या फरकाचा असा उपयोग करावयाचा की टोकांवरील खुणांमधील अंतर मात्र बदलत नाही. विज्ञानाच्या तासाला धातूंचे प्रसरण शिकविताना हे उदाहरण द्यावे. अशा पट्ट्या व नवी थिओडोलाइट नावाची कोनमापक यंत्रे घेऊन तो १८३० साली परतला. आता तो हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरलही झाला होता. यंत्रांच्या दुरुस्तीची विद्या येथेही होती. अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन हा कारागीर एव्हरेस्टच्या खात्यात आला आणि अतिसूक्ष्म यंत्रे त्याच्या हातून दुरुस्त होऊ लागली. एव्हरेस्टसारख्या दुराराध्य मनुष्यानेही त्याच्या कसबाची वाखाणणी केली.

सिरोंजच्या उत्तरेस नवीनच संकट उभे राहिले. दक्षिणेत डोंगर होते, त्यांच्या माथ्यावरून दूरवर दिसे. गंगा-यमुनेच्या दुआबात सपाट जमीन, आमराया, गावे आणि धूळ. ठाण्यावरून ठाणे दिसेना. तेव्हा एव्हरेस्टने सुमारे ५० फूट उंचीचे भक्कम मनोरे बांधविले. दिवसा धुळीमुळे व तापलेल्या हवेमुळे दृष्टी फसते, म्हणून रात्री दिवे लावून वेध घेण्याची पद्धत त्याने पाडली. दृष्टिरेषेच्या आड येणारी झाडे तोडली गेली, काही झोपड्याही हलविल्या गेल्या. मनोऱ्यांवरून आपल्या अंगणात दुर्बीण रोखली जाते, याचा लोकांना राग येई. आणि तो राग अनाठायी होता असे म्हणवत नाही. १८३४-३५ मध्ये डेहराडूनजवळ उत्तरेची पायारेषा मोजण्यात आली. सिरोंजहून त्रिकोणांच्या मालिकेने काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत आरंभी काही फुटांचे अंतर पडले. अन्य कोणी हे चालवून घेतले असते. एव्हरेस्टने सिरोंजची आपणच साखळीने मोजलेली रेषा नव्या पट्ट्यांनी पुन्हा मोजविली, तेव्हा फरक काही इंचांवर आला. मध्ये साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास भूमी होती.

तरीही एक कोडे उरले. माळव्यातील कल्याणपूर आणि दुआबातील कलियाना या दोन ठाण्यांमधील अंतर, सुमारे ६०० किलोमीटर, त्रिकोणांवरून एक येई व ताऱ्यांवरून दुसरे. फरक ५.२ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरांचा. एव्हरेस्टला ही मोजणीतीलच त्रुटी वाटली. पुढे कलकत्त्याचा पाद्री प्रॅट याने हिमालय ओळंब्यास किती ओढील याचे गणित केले, तेव्हा फरक जवळजवळ १६ विकलांचा यावयास हवा होता असे निघाले! हिमालय दिसतो तितका ‘जड’ नाही, हा त्याचा अर्थ. १८५५ साली एअरीने त्याची उपपत्ती सांगितली : पर्वताच्या खाली हलक्या खडकाची खोल मुळी असते, आणि पाण्यात हिमनग तरंगावा तसा तो तोलून धरलेला असतो. पृथ्वीच्या कवचाविषयीची एक मूलभूत कल्पना अशा रीतीने एका न जुळलेल्या बेरजेतून निघाली. मोजणाऱ्यांनी तो फरक दडवून न ठेवता जसाचा तसा छापला होता म्हणूनच ते शक्य झाले. विद्यार्थ्याच्या वहीतील न जुळणारे उत्तर खोडून टाकण्यापूर्वी ते का जुळत नाही हे विचारावे, असे मला वाटते.

या साऱ्या गणिताचा भार कोणी वाहिला, हेही सांगितले पाहिजे. १८३१ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील राधानाथ शिकदार हे अठरा वर्षांचे तरुण संगणक म्हणून खात्यात आले. त्या काळी ‘संगणक’ म्हणजे आकडेमोड करणारा मनुष्य, हे मुलांना सांगितले की त्यांना मोठी गंमत वाटते. राधानाथांची गती पाहून एव्हरेस्ट त्यांना अन्य खात्यात जाऊ देईना. पण त्यांची ओळख केवळ आकड्यांची नव्हे. १८४३ साली डेहराडून येथे एका इंग्रज न्यायाधिकाऱ्याने मोजणीखात्याच्या हमालांकडून वेठीने आपले सामान वाहून घेतले, तेव्हा राधानाथांनी ते सामान अडवून ठेवले. त्यांच्यावर खटला होऊन २०० रुपये दंड झाला. दंड झाला, पण वेठीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. ज्या माणसांच्या खांद्यांवरून ही यंत्रे वाहिली गेली, त्यांच्या बाजूने तेव्हा कोणी उभे राहिले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे.

१८४१ च्या सुमारास कंस पुरा झाला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर. १८४३ साली एव्हरेस्ट निवृत्त होऊन स्वदेशी गेला. १८४७ साली त्याने या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

शिखराची गोष्ट यानंतरची आहे. एव्हरेस्टच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉच्या कारकिर्दीत, १८४९-५० मध्ये, तराईच्या सपाटीवरून हिमशिखरांचे वेध घेण्यात आले. त्यांतील पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच ठरले. एक दिवस राधानाथ धावत येऊन वॉला ती वार्ता सांगतात अशी कथा प्रचलित आहे. परंतु हे काम अनेक हातांनी अनेक वर्षे चाललेले असल्याने ती कथा म्हणूनच सांगावी. १८५६ साली वॉने २९,००२ फूट ही उंची जाहीर केली व आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव सुचविले. स्थानिक नाव सापडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. नेपाळ तेव्हा परकीयांस बंद होता. पण तिबेटी लोक त्या पर्वतास चोमोलुंग्मा म्हणतच होते. खुद्द एव्हरेस्टनेच १८५७ साली या सूचनेस हरकत घेतली : हे नाव हिंदी लिपीत लिहिता येणार नाही व तेथील लोकांस उच्चारता येणार नाही, असे त्याने म्हटले. १८६५ साली नाव कायम झाले, आणि पुढल्याच वर्षी, १ डिसेंबर १८६६ रोजी, तो वारला. त्याची भीती काही अंशी खरी ठरली. त्याच्या घराण्यात आडनावाचा उच्चार ‘ईव्हरेस्ट’ असा होता. सारे जग तो चुकीचा करते. नेपाळीत त्या शिखरास सागरमाथा म्हणतात. तीनही नावे फळ्यावर लिहावीत.

२०२० साली नेपाळ व चीन यांनी मिळून त्या शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. एकोणिसाव्या शतकातील आकड्याशी तिची तुलना करण्यास मुलांना सांगावे. २९,००२ फूट म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, शिखरावर पाऊल न ठेवता, केवळ कोनांवरून काढलेली ही उंची; फरक सुमारे नऊ मीटरांचाच राहिला.

एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीच्या आकाराची जी परिमाणे ठरविली, त्यांच्या आधारावर आपल्या देशाचे स्थलवर्णनात्मक नकाशे दीर्घकाळ काढले गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी उपयोगाच्या नव्या मालिकेसाठी जागतिक परिमाण स्वीकारण्यात आले. शाळेच्या कपाटात तालुक्याचा जुना सर्वेक्षण नकाशा असेल तर तो काढून मुलांसमोर पसरावा. त्यावर ठिकठिकाणी लहान त्रिकोण छापलेले असतात, मध्ये एक ठिपका आणि शेजारी उंचीचा आकडा. ती मोजणीची ठाणी होत. त्यांतील एखादे आपल्या गावाजवळच्या टेकडीवर असेल, तर एका शनिवारी मुलांना घेऊन तेथवर चालत जावे, आणि तेथून दुसरे ठाणे कोणत्या दिशेस दिसावे हे नकाशावरून आधी ठरवून मग पाहावे.